आधी तिच्या डोक्यातून

रोज सकाळी मावशी तिच्या मुलाचा, आमच्या दादाचा, स्वेटर आधी स्वतः घालायची. बाह्यांत हात नाही, नुसतं डोकं गळ्यातून बाहेर काढायचं, त्याच्याकडे बघायचं आणि स्वेटर परत उतरवायचा. "झालं," दादा म्हणायचा, आणि मग तो घालायचा. तिशीतला माणूस, पण जे आईच्या डोक्यातून गेलं नाही ते त्याच्या डोक्यातून जात नसे. 'झालं'खेरीज तो फारसं काही बोलतही नसे.

दोघांचीही डोकी चांगली मोठी, आजोबांवर गेलेली. "तुमच्या भरवशावर टोपीवाल्यानं दुकान काढलं तर बुडायचा," शेजारीण म्हणायची.

"अक्कल ठेवायला जागा नको का?" मावशीचं उत्तर ठरलेलं. माझी आई आणि मी तिच्या लेखी चिमणीच्या डोक्याच्या.

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईच्या यंत्रांना लागून शिवणखोली होती. मावशी तिथे रुग्णांच्या झग्यांना नाड्या लावायची, चादरी सांधायची. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, धडक्या कडा मध्ये घेऊन जोडायची आणि विरलेला भाग कडेला ढकलायची. घरी आली की चप्पलही न काढता खुर्चीत बसायची. "पाच मिनिटं मला कुणी हाक मारू नका." दादा हाक मारत नसे. समोर येऊन नुसता उभा राहायचा. पाच मिनिटं काही व्हायची नाहीत.

एकदा दादाला फिट आली आणि त्याला त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी टेपनं त्याचं डोकं मोजलं, आकडा लिहिला, आणि टेप गुंडाळता गुंडाळता मावशीकडे बघत राहिल्या.

"तुमचंही मोजू?"

"मोजा की. आमचा जन्म टेप गळ्यात घालूनच गेला."

दोघांचं रक्त घेतलं. निकाल ऐकायला मावशीनं मला सोबत नेलं.

"वाढणाऱ्या पेशींना 'आता पुरे' म्हणणारं एक जनुक असतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या दोघांतही त्याची एक प्रत बिघडलेली आहे. मेंदू घडत असताना ते कमी पडलं तर मूल तुमच्या मुलासारखं होऊ शकतं. पुढे तेच कमी पडलं तर गळ्यात, स्तनात गाठी होऊ शकतात. कधी कॅन्सरच्याही."

"मग मी कशी त्याच्यासारखी नाही झाले?"

"बिघाड एकच, पण प्रत्येकात वेगळा उमटतो. का, ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही."

मावशी खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे, मी पोटुशी असताना मशीन चालवलं म्हणून नाही?"

"छे हो! कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी. आणि त्यांनी सांगितलं म्हणजे सगळ्यांनीच."

ती रडली नाही. खांदे तेवढे खाली आले. ओझं उतरवल्यावरच ते किती दुखत होते ते कळावं, तसे.

आता दोघांच्याही गळ्याची दर वर्षी सोनोग्राफी करायची होती, शिवाय मावशीच्या छातीची तपासणी. स्वतःचं ती पुढे ढकलत राहिली. "आधी त्याचं होऊ दे. मला काय धाड भरलीय?" पण दादा गळ्याला कुणाला हात लावू देईना. पहिल्या खेपेला त्यानं जेलची बाटली भिरकावली. दुसऱ्या खेपेला मावशी स्वतःच टेबलावर आडवी झाली. "आधी माझी करा." थंड जेल, मानेवरून फिरणारं यंत्र, दादा डोळे न मिटता बघत होता. ती मान पुसत उठली.

"झालं," तो म्हणाला आणि निमूट झोपला.

त्याचा गळा स्वच्छ निघाला. "आता आलाच आहात तर," म्हणत बाईंनी मावशीची छातीही तपासली. तिथे गाठ होती, जुनी आणि खोल.

"त्याच्यासाठी आडवी झाले आणि मीच सापडले," ती घरी येताना म्हणाली.

ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. काही महिन्यांनी दुखणं हाडांत उतरलं. मी तिच्याकडे राहायला गेले. मरणाबद्दल ती बोलत नसे, दादाच्या पुढच्या तपासणीबद्दल मात्र रोज बोलायची. तिच्यानंतर त्या टेबलावर आधी कोण झोपणार?

मी स्वेटरपासून सुरुवात केली. डोक्यात घातला, काढला, पुढे केला. दादानं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडे गेले. गारठ्यात तो उघड्या अंगानं बसून राही.

एका सकाळी मावशी पलंगावरून म्हणाली, "अगं, वाड्याच्या दरवाजातून चिमणी गेली, त्यात त्याला काय दिसणार? त्या डोक्याला टॉवेल गुंडाळ."

मी न्हाऊन आले होते. ओल्या केसांवर जाड टॉवेल बांधला. स्वेटर कानांशी अडकला, नाक दाबलं गेलं, ओढून ओढून एकदाची मी बाहेर आले. दादा टक लावून बघत होता.

"झालं."

मावशीनं डोळे मिटून घेतले.

तपासणीच्या दिवशीही मी तसाच टॉवेल बांधून टेबलावर झोपले. तंत्रज्ञाला हसू आवरेना. माझ्यामागून दादा झोपला. त्याचा गळा यंदाही स्वच्छ होता.

घरी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं, दादाच्या मानेकडे बघितलं. पुढचे दोन दिवस ती मानेनंच हो-नाही म्हणत होती, मग तेही थांबलं. शेवटचं बोलली ती तपासणीच्या त्या संध्याकाळीच.

"टॉवेल वाळत घातलास का? ओला राहिला की वास मारतो."