कलशातील कावेरी आणि पालिकेचा ठराव

जलाधिपती वरुणदेवास साष्टांग वंदन करून लिहितो. काल बदलापुरी नातीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीस कलशात सप्तनद्यांचे आवाहन करताना कावेरीचे नाव आले आणि मला हसू आवरेना. त्याचे कारण नातीने लिहून मागितले, म्हणून हा प्रपंच.

तेव्हा आम्ही अंबरनाथच्या बाजूस राहत होतो. पालिकेचे नाव घेत नाही. मंडळी अजून नमस्कार करतात. वस्तीसाठी नवा जलकुंभ बांधून झाला होता. दोन उन्हाळे विहिरीवरून हंडे वाहून माझ्या पत्नीचा खांदा कायमचा दुखावला होता. जलपूजन सांगायला निघालो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अहो, आज पाणी येऊ द्या हो."

त्याच महिन्यात सीमेच्या तंट्यावरून पालिकेने बाके वाजवून ठराव केला होता, की शेजारच्या कर्नाटकाची एकही वस्तू वापरावयाची नाही. कचेरीतील कॉफी त्याच दिवशी बंद झाली. पूजेसाठी मी मागितलेले चंदनाचे खोडही मिळाले नाही, हळदीवर भागवले. पंपावर मात्र झेंडूचा एक अवाढव्य हार होता. तो पालिकेच्या धारवाडकडच्या अभियंत्यानेच स्वहस्ते घातला होता आणि घटकेघटकेला सारखा करीत होता.

मंत्र सर्वांस ऐकू यावेत म्हणून समोर ध्वनिक्षेपक ठेवला होता. मी नद्यांना बोलावू लागलो, तोच यजमान म्हणून बसलेल्या अध्यक्षांनी माझा हात धरला.

"गुरुजी, कावेरी कुठली?"

"सर्वांची."

"तिकडची ना? मग वगळा. ठराव आहे."

"सहा नद्यांचा कलश मला गुरूंनी शिकवला नाही," मी नम्रपणे म्हणालो आणि पळी खाली ठेवली. मुहूर्त सरू लागला. पाण्यासाठी रांगेत उभ्या बायकांचे रिकामे हंडे खणखणू लागले.

प्रसादाची मिठाई देणारे उल्हासनगरचे सिंधी कापडव्यापारी पुढे आले. "साईं, आमची सिंधू तर बॉर्डरच्या पलीकडे राहिली. गुरुजी तिला रोज बोलावतात, रोज येते. तिला कोणी पासपोर्ट विचारला? कावेरी तर बिचारी एसटीनेसुद्धा येईल!"

हशा उसळला. त्या गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून पंपावरचा हार गळून पडला आणि खालची पितळी पट्टी उघडी झाली. पुढच्या रांगेतील एकीने ती मोठ्याने वाचली, "बंगलोर!"

अभियंत्याने डोळे मिटले. माझी पत्नी मात्र हंडा घेऊन थेट अध्यक्षांसमोर आली. "भाऊ, कावेरी नको तर हा पंपही परत पाठवा. आणि हा हंडा धरा. विहीर दाखवते, चला!"

अध्यक्षांनी हंड्याकडे पाहिले, पंपाकडे पाहिले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बोलवा तिला, गुरुजी. पण जरा हळूच."

ध्वनिक्षेपक चालूच होता. "पण जरा हळूच" साऱ्या वस्तीने ऐकले! मी हळूच बोलावलेली कावेरी तर बहुधा कल्याणपर्यंत ऐकू गेली असावी. अभियंत्याने कळ दाबली. नळ आधी खाकरला, मग असा उसळला की अध्यक्ष टोपीसकट न्हाले. पहिला हंडा पत्नीचा भरला. तो कमरेवर घेऊन घराकडे वळताना ती मला म्हणाली, "विहिरीपेक्षा गोड आहे हो तुमची कावेरी."

वाचकहो, तुमच्या घरचे हंडे सदैव भरलेले असोत, ते वाहणारे खांदे निरोगी राहोत आणि तुमच्या कलशात येणाऱ्या एकाही नदीस दारात अडवले न जावो.