एकेचाळीस बाण

आमच्या कापडगिरणीत बॉयलरवर होता त्याला सगळे विंचू म्हणत. पाठीमागं नव्हे, तोंडावर. कुणी ‘काय चाललंय?’ विचारलं, की हा म्हणायचा, “तुझ्या बापाचं काय जातंय?” सख्खा मेव्हणा तिथंच रंगखात्यात, त्याच्याशी अकरा वर्षं अबोला.

संप मोडल्यावर मालकानं एक चष्मेवाला आणला. त्यानं रंगखात्यात प्रत्येकाला कागद दिला: राजकारणावर सगळ्यात जास्त कोणाशी बोलता, नाव लिहा. नावापासून नावाकडं बाण काढले, की विचार कुठून कुठं पाझरतात ते कळतं म्हणे. गडी काय दूधखुळे होते? दोस्ताचं नाव लिहायचं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. कोरा कागद चालत नव्हता. मग ज्याचं वाटोळं झालं तरी डोळ्यात टिपूस येणार नाही, त्याचं नाव प्रत्येकानं लिहिलं. कुणी कुणाला विचारायला गेलं नाही. मेव्हण्यानंही तेच लिहिलं.

विंचवाला ऑफिसात बोलावलं. पडद्यावर मधोमध भोपळ्याएवढा लाल ठिपका, त्यावर एकेचाळीस बाण रोखलेले.

“हा तू,” चष्मेवाला म्हणाला. “संपाचं डोकं.”

मॅनेजर चुळबुळला. “अहो, संपात हा एकटा कामावर होता.”

“म्हणूनच! डोकं कधी रस्त्यावर येत नाही.”

मॅनेजर विंचवाकडं वळला. “रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. खोटं असेल तर सांग, मी बघतो. बोलतोस तरी कोणाशी?”

साहेब, माझ्याशी कुत्रंसुद्धा बोलत नाही, म्हणून माझं नाव दिलंय. एवढं म्हणाला असता तर सुटला असता. पण ते या दोघांपुढं कबूल करायचं? त्यानं बाणांच्या शेपटीला लिहिलेली नावं एकेक करून वाचली. मेव्हण्यापाशी जरा थांबला.

“सगळ्यांशी बोलतो,” तो म्हणाला. “एकूण एक माझीच माणसं. माझ्या शब्दाबाहेर एक जाणार नाही. घ्या लिहून.”

चष्मेवाल्यानं आनंदानं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर कामावरून काढल्याची यादी लागली. बेचाळीस नावं. मेव्हणा धावत आला.

“दाजी, खोटं कशाला सांगितलंत? माझी पोरं शाळेत आहेत हो!”

“आणि तू लिहिलंस ते खरं होतं होय रे?”

मेव्हण्यानं त्याची गचांडी धरली. बाकीचे चाळीस जण भोवती उभे होते. सोडवायला एकही पुढं आला नाही.