लस वाळेपर्यंत

आधी सायकल आली. कोपरगावच्या सर्व्हिस मोटारीच्या टपावरून उतरवलेली, आणि ती ढकलत मोटारीचा क्लीनर आमच्या दारात. मी शाळेत शिकवायला निघाले होते. नेहमीच्या सवयीने त्याच्यावरच डाफरले, "आणि स्वारी कुठंय? स्वतः मागे राहून सायकलीला मोटारीत बसवायचं, हे काय नवीन खूळ?" त्याने सायकल भिंतीला टेकवली, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली... आणि मग मला काही विचारावं लागलं नाही. माझा धाकटा भाऊ बाळू तिकडे ऊसतोडीच्या मजुरांच्या तळावर मुदतीच्या तापाने गेला. तार केली होती म्हणे. ती दुसऱ्या दिवशी पोचली. त्याला जाऊन आता दीड महिना होत आला. काळ हे औषध आहे असं जो तो सांगून जातो. असेल बापडं, मला अजून लागू पडलेलं नाही.

बाळू देवीडॉक्टर होता. डॉक्टर कसला, मॅट्रिक होऊन टोचणी शिकलेला सरकारी नोकर. पण खेड्यापाड्यांत देवी टोचणाऱ्याला डॉक्टरच म्हणतात. लसीच्या काचेच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या आणि ऊन चढायच्या आत गाव गाठायचं, नाहीतर लस मरते. त्या धास्तीने तो जो सायकल हाणायला शिकला, त्याचं पुढे शर्यतीचं वेडच होऊन बसलं. शनिवारी संध्याकाळी मडगार्ड, कॅरिअर, घंटी सगळं उतरवायचं, रविवारी पहाटे घाट चढून यायचं, आणि रात्री पुन्हा सगळं जागच्या जागी बसवायचं, कारण सोमवारी डबा बांधायला कॅरिअर लागे. लढाईच्या दिवसांत टायर मिळेनात, तर चांगली जोडी काढून माझ्या ट्रंकेत, माझ्या लुगड्यांखाली ठेवलेली. "तुझं त्या सायकलीशीच लग्न लावून देते, निदान मानपान तरी नको," असं मी म्हणायची. तो म्हणायचा, "चालेल अक्का, पण मुलगी बघायला तूच जा. मला फेरी आहे." ते मात्र खरं. दरवर्षी थंडीत नगरला शर्यत असे आणि दरवर्षी नेमकी त्याच दिवशी त्याची फेरी निघे. थंडी हाच टोचणीचाही मोसम. दुसऱ्यांची बक्षिसं बघून यायचा आणि मुकाट्याने जेवायचा. मला त्याच्या वरिष्ठांचा असा संताप यायचा की सांगायची सोय नाही.

आणि फेरी म्हणजे नुसतं जाऊन टोचून येणं नव्हे. गावोगाव एक रीत होती. डॉक्टर पोराला टोचायचा, आई मुकाट्याने टोचू द्यायची, आणि त्याची पाठ वळली की घरामागे जाऊन चुलीतली राख लावून पोराचा दंड पुसून टाकायची. सरकारचंही ऐकलं आणि देवीचाही कोप नको. सगळ्यांना ठाऊक, कोणी बोलत नसे. म्हणून बाळूनेही आपली रीत केली होती. टोचून झालं की तो पारावर बसून राहायचा. पिकापाण्याचं बोलायचा, पोरांना मांडीवर घ्यायचा, आणि शेवटच्या पोराच्या दंडावरची लस वाळेपर्यंत उठायचा नाही. त्यामुळेच त्याला कायम उशीर व्हायचा, आणि त्यावरून तो बोलणीही खायचा.

एका हिवाळ्यात फेरी आणि शर्यत दोन्ही जुळतील असं त्याला वाटलं. गाव नागापूरच्या पलीकडे, जवळचंच. उजाडता उजाडता तो तिथे पोचला, टोचणी उरकली आणि तसाच शर्यतीला निघाला. बसला नाही. शर्यत संपायची त्या नगरच्या दिल्ली दरवाज्यापाशी माणसांची ही गर्दी, आणि मी शाळेच्या चार बायकांबरोबर एका ओट्यावर चढून उभी. आम्हाला आधी नुसती धूळ दिसली. मग बाळू दिसला, एकटा. मागे कोणीच नाही. सायकलीवरून उतरला तो थेट माझ्याकडे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसायलाच लागला. दम लागलेला, तोंडात धूळ, बोलता येईना, आणि हसणं थांबेना. आई गेली तेव्हापासून मी त्याला वाढवलं, पण असा हसताना तो मला पहिल्यांदाच दिसला. रात्री जेवताना म्हणाला, "आज तिथं बसलो नाही हं, अक्का. आठवड्याने तपासायला जाईन, कोणाची टोचणी उठली नसेल तर परत टोचेन." मी त्याच्या पानात आणखी एक जिलबी वाढली.

तो आठवडा आलाच नाही. शेवगावकडे साथ उठली आणि त्याला तिकडे धाडलं. परत येतो तो त्या गावात देवी येऊन गेलेली. पारू म्हणून एक शेतकरीण, तिची नुकती चालायला लागलेली मुलगी गेली होती. बाळू तिला सगळं सांगायचं ठरवूनच गेला. आल्यावर बूटही न काढता उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. 'डाक्टर, तुमी टोचलं हुतं वो. मीच राखंनं पुसलं. माझ्या हातानं घालवली मी तिला.'"

"आणि तू काय म्हणालास?"

"काही नाही." बुटाची नाडी सोडत म्हणाला, "मी बसलो असतो तर तिला पुसता आलं नसतं. एवढं सांगितलं तर तिचा भार थोडा हलका होईल, अक्का. पण तोंडच उघडत नाही."

ते शेवटपर्यंत उघडलं नाही. मडगार्ड बसवले ते पुन्हा निघाले नाहीत. फिरून त्या बाजूला गेला की तो पारूच्या दारात जाऊन बसायचा. टोचणी असो नसो. दर खेपेला वाटायचं आज सांगेन, आणि दर खेपेला तीच त्याला ताक द्यायची. मी चिडायची. सांगून तरी टाक, नाहीतर जाणं तरी सोड, म्हणायची. तो ऐकून घ्यायचा. अंगाने खंगत गेला, दूरदूरच्या फेऱ्या मागून घेऊ लागला, आणि अखेर कोपरगावला त्या तापाने त्याला धरलं तेव्हा झुंजायला त्याच्यात काही उरलंच नव्हतं. हे छापून आलं तरी पारूला वाचता येत नाही. म्हणून तर लिहिते आहे.

गेल्या रविवारी ती आली. कोणाकडून तरी ऐकलं म्हणाली. बरोबर फडक्यात बांधलेली बाजरी. सायकलीकडे बघत दाराशीच बसली, कितीही सांगितलं तरी आत येईना.

"लई देवमानूस, बाई," ती म्हणाली. "मी पोरीला घालवली, पर कधी वाकडं बोलले न्हाईत. उलटं माझ्यासारखीच्या दारात येऊन बसायचे. मला वाटायचं, यांनी तरी मला माफ केलं."

मी बाजरी सुपात ओतून घेतली. सांगावं, आत्ता सांगावं... इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच वाटलं की सांगणं माझ्या हातात आहे. मुलीच्या नावाने डोळे कोरडे झालेली ती बाई माझ्या उंबऱ्यावर होती, आणि चार वाक्यांत तिचा अर्धा भार उतरला असता. पण मग माझ्याजवळ बाळूचं काय उरलं असतं?

"एक इचारू का?" ती म्हणाली. "ते हसायचे का वो कधी? आमच्याकडं एवढ्यांदा आले, पर त्यांना हसताना म्या बघितलंच न्हाई."

"हसायचा की."

"कवा?"

मी सूप खाली ठेवलं.

"लहानपणी," मी म्हटलं. "फार लहान होता तेव्हा."