मागचा पोर्ट

आण्णा, माझे वडील, जाऊन वर्ष होत आलं तेव्हा आई म्हणाली, "त्येंच्या त्या डबीत आवाज आसंल न्हवं? येकदा ऐकू दे की."

डबी म्हणजे गाणी ऐकायचा, आवाजही भरता येणारा प्लेअर. मिलिटरीतून निवृत्त होताना आण्णांनी कॅन्टीनमधून घेतलेला, काडेपेटीएवढा. त्यात भजनं होती, पण ते तो वापरायचे वेगळ्याच कामाला. कवठे महांकाळकडच्या आमच्या रानात पाण्याच्या मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मोतीबिंदूमुळे लिहिणं जमेना, म्हणून ते पाण्याच्या वेळा त्यात बोलून ठेवायचे आणि पाणी पाजून झालं की लगेच पुसायचे. झालेलं काम जपून ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी ढिसाळपणा. फोनवर ते दोन वाक्यांच्या पुढे कधी गेले नाहीत आणि माझ्या लग्नाच्या व्हिडिओत सगळीकडे नुसते उभे आहेत. आवाज असलाच तर त्या डबीतच.

मी ती सांगलीत विश्रामबागला माझ्या ऑफिसात आणली. जुन्या कॅमेऱ्यांना लागायची तसली जाड पिन आता कुणाकडे नसते. ड्रॉवरमध्ये एक केबल सापडली, पण सैल. बोटाने दाबून धरली तरच दिवा लागे. बाजारातल्या एका दुकानदाराने धुळीतून दुसरी काढून दिली. ती कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टला लावली. लाल दिवा दोन दिवस लागून राहिला, बॅटरी मात्र भरेना. कीबोर्डच्या बाजूचा पोर्ट लावून पाहिला, तोही तसाच. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "गड्या, आता म्युझियमला दिऊन टाक." मी हसलो. आतून काहीच वाटत नव्हतं. वर्षभर तसंच आहे. आईने काम सांगितलं होतं, मी ते करत होतो.

तिसऱ्या दिवशी टेबलाखाली वाकून मागच्या पोर्टला पिन खुपसली. जेवून येईपर्यंत बॅटरी भरली होती. ऐकलं नाही. रविवारी गावी नेली, छोटा स्पीकर जोडला आणि आईशेजारी बसलो.

आत एकच रेकॉर्डिंग होतं, आणि आवाज माझा होता.

"आवं आण्णा, कितींदा सांगायचं तुमास्नी? फुडं लावू नगा, फुडं चार्ज हुईत न्हाई. मागं लावायचं, मागं. दर टायमाला मला सांगलीवरनं बोलवून घेताय, मला दुसरी कामं न्हाईत व्हय? आलं का ध्यानात?"

मग जरा खरखर आणि त्यांचा आवाज. "व्हय."

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरपाशी उभं राहून मी हे बोललो होतो आणि साफ विसरलो होतो. त्यांनी ते भरून ठेवलं. चार्जिंगचं काम कधी संपत नाही, म्हणून पुसलंही नाही.

"लय तोडून बोललास रं त्यास्नी," आई म्हणाली. जराशाने म्हणाली, "शेवटचं तेवढं परत लाव."

डबीचं पुढे न्यायचं बटण कधीचंच बिघडलेलं आहे. तेवढा एक 'व्हय' ऐकायचा तर आधी माझं बोलणं पहिल्यापासून ऐकावं लागतं. आईने त्या दिवशी तो सात-आठ वेळा ऐकला. मी शेजारीच बसून होतो.