मंगळवारचा अंगारा आणि माझा घाम

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. असले अनुभव सांगणाऱ्या बायका पहिल्या वाक्यापासून हात जोडून बसलेल्या असतात. मी त्यातली नाही. तेव्हा माझं वय अठ्ठेचाळीस. आरमोरीत घराच्या ओसरीवर शिलाई मशीन, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायचे आणि लग्नापासून दर मंगळवारी चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, महाकालीचा उपास. एवढं करून बदल्यात मिळालं काय, तर ऐंशी सालानंतरच्या एका पौषात, लोक शेकोटीभोवती बसलेले असताना, माझ्या छातीतून आग उठली, कानापर्यंत चढली आणि मी घामाने न्हाले. मशीनवर एका नवरीचा पोपटी ब्लाउज होता. त्याच्या पाठीवर घामाचे तीन डाग पडले. ते काढता काढता मी देवीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग हे रोजचंच झालं. दिवसातून सात-आठ वेळा जाळ उठायचा, घाम फुटायचा आणि घाम वाळला की थंडी वाजायची. औषध मात्र ज्याच्या त्याच्या खिशात. शेजारीण म्हणाली पित्त आहे, वांगी सोड. वैदूने गुळवेलीचा कडू काढा पाजला. नवरा म्हणाला, "डोस्कंच तापट हाये तुहं, अंग बी तापनारच." पाळी जाऊन मला सहा महिने झाले होते, पण त्या गोष्टीचा या घामाशी काही संबंध असेल हे कोणी बोललं नाही. पाळीबद्दल मुळात बोलायचंच नसायचं.

सगळ्यांत जास्त जाच सासूबाईंचा. सत्तरी ओलांडलेल्या, आवाज मात्र खणखणीत. मला जाळ आला की त्या तोंड फिरवायच्या. "काऊन पदर फेकून राह्यली वं? झाक अंग. लोकं पाह्यतीन." त्यांना माझ्या त्रासाची कीव नव्हती, भीती होती. ती कसली, ते मला फार उशिरा कळलं.

चैत्रात आम्ही दोघी यात्रेला गेलो. झरपट नदीत आंघोळ केली आणि ओल्या साडीनेच रांगेत उभ्या राहिलो. चांद्याचं ऊन कसं असतं ते चांद्याच्याच माणसाला विचारावं. आरती सुरू झाली, डफ वाजू लागले, कापराचा धूर नाकात गेला आणि नेमका तेव्हाच माझा जाळ उठला. मी पदर खांद्यावरून काढला, अंबाडा सोडला, मानेला वारा लागावा म्हणून डोकं गोल फिरवलं. शेजारची बाई ओरडली, "अंगात आलं, बाईच्या अंगात आलं." कोणी माझ्या कपाळाला मूठभर कुंकू फासलं, कोणी पाय धरले. आणि जन्मभर माझ्या पदरावर पहारा करणाऱ्या सासूबाई दोन्ही हातांनी मला वारा घालत होत्या.

तेव्हाच तोंड उघडून नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, तो वारा मला फार गोड लागला.

गावात परतलो तर आमच्याआधी बातमी पोहोचलेली. मंगळवारी बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. सासूबाई मला हिरवी नायलॉनची साडी नेसवून पाटावर बसवायच्या, दार लावून उदाचा धूर करायच्या. त्या कोंडलेल्या खोलीत दगडालाही घाम फुटला असता. मला फुटला की बायका म्हणायच्या, आली देवी. आगीतून फुफाट्यात पडणं काय असतं ते मी दर मंगळवारी भोगत होते. पण घरात मान होता, पदरावरून बोलणी नव्हती, म्हणून गप्प होते. धूर विझला की बायकांना चिमूट चिमूट अंगारा वाटायचा, एवढंच काम.

कार्तिकात मागच्या गल्लीतली सुमन आली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, धानाच्या बांधीत दिवसभर वाकणारी. सगळ्या गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, तीन वर्सांमागं गेलेली पाळी पलटून आली. कधी थेंब जाते, कधी लय जाते. दवाखान्यात जाऊ का अंगारा लावू?" मला तेव्हा जाळ आलेला होता. ती साडी कधी एकदा फेडते असं झालं होतं. मी वैतागून चिमूटभर राख तिच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "लाव."

त्या एका शब्दाने माझा पुढचा हिवाळा नासवला. सुमन दर मंगळवारी यायची, दर वेळी जरा जास्त वाळलेली दिसायची आणि विश्वासाने पाया पडायची. आज सांगू, उद्या सांगू, असं करत फाल्गुन उलटला. गाव हसेल, सासूबाई पुन्हा आधीसारख्या होतील, याचं मला भय होतं. माझ्या मानापायी ती बाई मरेल, हेही मला दिसत होतं. तरी मी गप्प बसले. याहून वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

पुढच्या चैत्रात सुमनही आमच्याबरोबर चांद्याला आली. नवस बोलायचा होता तिला. रांगेत मी डोळे मिटून देवीला म्हटलं, "आई, एक तर खरोखर ये, नाही तर मला यातून सोडव. माझ्याच्याने आता होत नाही." आली ती देवी नाही, नेहमीचा जाळ. मी पदर ओढला आणि बायका कुंकू घेऊन धावल्या.

तेवढ्यात बाजूच्या पाण्याच्या मांडवातून एक पांढऱ्या साडीतली नर्सबाई गर्दी रेटत आत शिरली. मला खाली बसवून तिने मानेवर ओला कपडा ठेवला, हातात पाण्याचा गिलास दिला आणि सगळ्यांसमोर खड्या आवाजात विचारलं, "पाळी जाऊन किती दिवस झाले, बाई?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. मी म्हटलं, "दीड वर्षावर झालं."

"मंग देवी कुठची, हे वय हाये. पाळी जाते तवा अंगातला एक रस कमी होते. मंग अंगाले उगाच वाटते का आपन तापलो, आनि ते घाम सोडून थंड होऊ पाह्यते. मले बी होते, तुमच्याहून जास्त." तिने माझ्या साडीला हात लावला. "हे नायलॉन सोडा, सुती नेसा. कढत चहा आनि तिखट कमी करा, धुरात बसू नका. जाळ उठला का सावकाश लंबा श्वास घ्या. दोन-चार वर्सांत कमी होते, काहीले जास्त बी लागते. लयच झालं तर डाक्टरले दाखवा."

एक बाई रागावून म्हणाली, "तुमी देवीले मानत नाई का?"

"आमी बौद्ध. पन इथी ड्युटी हाये माही, अन् ह्या बाईले घाम हाये," ती म्हणाली. मला त्या वैतागातही हसू आलं.

तेव्हा मागून सुमनचा बारीक आवाज आला. "मंग गेलेली पाळी पलटून येते, ते बी वयच हाये का?"

नर्सबाईचा चेहरा बदलला. "ते नाई. पाळी जाऊन वर्स झाल्यावर एक थेंब जरी गेला तरी दवाखाना. आजच जा."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. नर्सबाईवर तिचा भरवसा नव्हता, माझ्यावर होता. देवीच्या आवाजात 'जा' म्हटलं असतं तर ती पळत गेली असती. मोह झाला. पण पुन्हा खोटं बोलायला जीभ उचलेना. मी म्हटलं, "सुमनताई, माझ्या अंगात देवी कधीच आली नाही. तुम्हाला दिलेला अंगारा नुसती राख होती. मी चुकले. तुम्ही दवाखान्यात जा."

ती उभीच राहिली. "देवी नाई म्हनता, मंग तुमचं काऊन ऐकू मी?" आणि ती परत रांगेत लागायला वळली. मी कपाळाला हात लावला. आता माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, मानही नाही, देवीही नाही. मी मनात म्हटलं, आता तूच बघ बाई.

सासूबाई इतका वेळ खांबाला धरून उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी सुमनचं मनगट धरलं.

"मले बी होत होतं," त्या म्हणाल्या. "माह्या सुनेसारखंच. पदर फेकत होतो मी. भूत लागलं म्हनून घरच्यायनं मले निंबाच्या फोकानं मारलं, दोन दिवस खोलीत कोंडलं. म्हनून इले म्हनत होतो, झाक. देवी आली म्हनलं तवा मले वाटलं, इले तरी कोनी मारनार नाई." त्यांनी मनगट सोडलं नाही. "चल सुमन, मी येतो तुह्यासंगं. नवस मंग बोलू."

सुमन त्यांच्यामागे गेली.

दर्शन त्या वर्षी आम्हा तिघींचंही राहिलं. सुमनच्या गर्भपिशवीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर चालला नसता. पिशवी काढली. पुढच्या रोवणीला ती बांधीवर बसून इतरांना शिव्या देत होती, इतकी बरी झाली.

देवी अंगात येते की नाही यावर मी वाद घालत नाही. मला माझ्यापुरतं एवढं कळलं, की मी हात टेकल्यावर तिने काम केलं आणि त्यासाठी तिला ना माझं अंग लागलं ना माझा अंगारा. एक न मानणारी बाई आणि एक मार खाल्लेली म्हातारी तिला पुरली. देवी वर्षभर आधी धावली असती तर बरं झालं असतं, हे मी तिला अजून दर मंगळवारी सुनावते. मग हात जोडते.

घाम पुढे तीन वर्षं आला. मशीनशेजारी पाण्याने भरलेलं पितळी गंज आणि ओला पंचा रोज सकाळी सासूबाई ठेवायच्या. जाळ उठला की त्या आतूनच म्हणायच्या, "पदर काढ वं. कोनी नाई पाह्यत."