‘कसं झालं?’ विचारायचं नाही

माझ्या बायकोच्या ओळखपत्रावर ‘आध्यात्मिक साहाय्यक’ असं छापलेलं आहे. निवृत्तीनंतर ती परळच्या ज्या रुग्णालयात जाते, तिथे वॉर्डात मात्र तिला ‘बसणाऱ्या बाई’ म्हणतात. मला हेच नाव जास्त खरं वाटतं. आजाऱ्याजवळ, त्याच्या माणसांजवळ ती बसते. धर्म कुठलाही असो, उपदेश करत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हा संयम तिनं कुठे लपवून ठेवला होता, कोण जाणे.

मे महिन्यात रुग्णालयानं ‘तापती पृथ्वी आणि अध्यात्म’ असा परिसंवाद भरवला. व्यासपीठावर सगळ्या धर्मांचे विद्वान होते. सभागृह इतकं गार होतं, की सत्काराच्या शाली लोकांनी पहिल्यांदाच मनापासून अंगावर घेतल्या. बायको अर्ध्यातून उठली. तिला लालबागला जायचं होतं. मला शाल मिळणार नव्हती, तेव्हा मीही निघालो.

लालबागच्या एका चाळीत, अगदी वर पत्र्याखालच्या खोलीत राहणारे एक म्हातारे गिरणी कामगार चार दिवसांपूर्वी उष्माघातानं याच रुग्णालयाच्या वॉर्डात वारले होते. त्यांची सून शेवटपर्यंत जवळ होती. आता ती सून पाणी पीत नव्हती. कुणी फारच मागे लागलं तर दोन घोट, असं तिच्या नवऱ्यानं फोनवर सांगितलं होतं. आणि राहत होती त्याच पत्र्याखाली.

तिथे जाऊन बसल्यावर कारण कळलं. आपल्याकडे भेटायला येणारा माणूस टेकता टेकता ‘कसं झालं?’ विचारतो, आणि घरच्यांनी ते पहिल्यापासून सांगायचं असतं. हार्ट अटॅक असेल तर ऐकणारा मान हलवून गप्प बसतो. उन्हावर मात्र प्रत्येकाकडे औषध असतं. कुणी म्हणालं, खिशात कांदा ठेवायचा. कुणी सब्जा सांगितला. शेजारच्या आजींनी तिचा हात हातात घेतला आणि मायेनंच विचारलं, “पन्हं नाय दिलंस गो?”

आणि मी, चार पुस्तकं वाचलेला माणूस, विचारून बसलो की खिडकीला ओला पडदा लावला होता का.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मी आजवर कधी वाद घातलेला नाही. मग ती सुनेकडे वळली आणि सासरे माणूस म्हणून कसे होते, एवढंच तिनं विचारलं.

हा प्रश्न चार दिवसांत कुणी केलेला नव्हता. सून जरा गोंधळली. मग म्हणाली, लग्नकार्यात कुणाही बाईच्या साडीचा पदर चिमटीत धरून ते कापडाची प्रत सांगायचे, आणि माफी मागत फिरायचं हिनं. सांगता सांगता हसली, मग रडली. बायको नुसती बसून होती.

“ताई, मी मारलं का हो त्यांना?”

कुणीही ‘छे छे’ म्हटलं असतं. मीही तोंड उघडलंच होतं. बायको म्हणाली, “काय काय केलंस, ते सांग मला.”

सून सांगत गेली. पन्हं केलं होतं, ताकही. ओल्या फडक्यानं दर तासाला अंग पुसलं. शेवटी चौघांना हाका मारून खुर्चीतून खाली उतरवलं, टॅक्सी गाठली.

“आणि पत्रा?” बायकोनं विचारलं.

“पत्रा मी कसा गार करणार?” सून जरा चिडूनच म्हणाली, आणि आपलंच बोलणं ऐकून तिनं वर पत्र्याकडे पाहिलं. आजी उठल्या. माठातलं पाणी आणून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं आणि या वेळी काहीच सुचवलं नाही.

मला अभिमान फार कमी गोष्टींचा वाटतो, आणि सभागृहात तर कधीच नाही. त्या तापलेल्या खोलीत, घामानं चिकटलेल्या शर्टात, माझी मान ताठ झाली होती.

तेवढ्यात दारात आणखी कुणी नातेवाईक आले. चपला काढता काढता त्यांनी विचारलंच, कसं झालं.

“पत्रा तापला होता,” सून म्हणाली. “मी जवळ होते त्यांच्या.” आणि तिनं पेला उचलून पूर्ण रिकामा केला.