मीटरवाले भाऊ

भाऊंइतका संशयी आणि तरीही माणसांना इतका जीव लावणारा इसम मी दुसरा पाहिला नाही. वडनेर भोलजीजवळ पाइपलाइनचं काम चालू होतं, मी तिथं सुपरवायझर. वेल्डिंगचे सांधे आतून पक्के आहेत का, हे किरणांनी फोटो काढून पाहणं भाऊंचं काम. जड पेटीतला इवलासा किरणोत्सारी तुकडा तारेनं नळीतून सांध्यापाशी सरकवायचा, फोटो निघाला की परत पेटीत ओढायचा. मग तुकडा खरंच आत गेला का हे पाहायला किरण मोजायचं मीटर पुढं धरून भाऊ पेटीकडे निघायचे, ते गल्लीत वळू सुटला असावा तसे जपून. दिवसातून वीसदा गेले तरी चाल तीच.

आम्ही हसायचो. दोरी बांधून ते एवढं रान अडवायचे की कपाशीतल्या बायका विचारायच्या, "भाऊ, जमीन मोजून राह्यले का?" एका लग्नात त्यांनी सवयीनं जनरेटरभोवती दोरी बांधली आणि वरात अडली. साहेब हेल्मेट-बूट-पाट्यांचा लांबलचक तक्ता भरायला लागले की भाऊ म्हणायचे, "बूट फाटला तं दिसते. हे दिसत नाही. पह्यले ज्यानं माणूस जाते ते पाहा, मंग बाकीचं."

एका दुपारी मीटर बंद पडलं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब यायचे होते, आठ सांधे बाकी होते.

"दुसरं मीटर येईस्तोवर काम बंद," भाऊ म्हणाले.

"पेटीत तुकडा बसल्याचा आवाज येतो ना, भाऊ. आजच्या दिवस भागवा," मी म्हणालो.

"कान फसवतात, बापू. मी नाही करत."

हा माणूस काम अडवतो, असा फोन मीच ठेकेदाराला केला. त्यानं भाऊंना काढलं, आणि भाऊ पिशवी उचलून जानेफळला, आपल्या गावी गेले. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं माझ्या सांगण्यावरून मीटरशिवाय काम केलं. तुकडा पेटीत न जाता नळीतच अडकला होता, आणि ते न कळता ती नळी त्यानं हातानं धरून सोडवली. किरण पडतच राहिल्यानं पुढचा फोटो काळाठिक्कर निघाला तेव्हा कळलं. त्या दिवशी त्याला काहीच झालं नाही. काही दिवसांनी बोटांना फोड आले, पुढे दोन बोटं काढावी लागली. चौकशीत मी खरं सांगितलं. नोकरी गेली, ते वाजवीच होतं.

काही महिन्यांनी मी जानेफळला गेलो. भाऊ वांग्यांना पाणी देत होते. सगळं ऐकून त्यांनी पाणी बंद केलं. "मी सांगितलं होतं," एवढं त्यांनी म्हणावं, याचीच मी वाट पाहत होतो.

"हात कोणता?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"मंग जेवते कसा तो?"

मला माहीत नव्हतं. मी त्याला भेटायला गेलोच नव्हतो. भाऊंनी हातपाय धुतले, सदरा बदलला. "चाल, जाऊन येऊ. घर तं माहीत हाय न तुले?"

तेही मला फोन करून विचारावं लागलं.